हलकं काडतूस

एरी, ७ सप्टेंबर १९८६

वेंडेलकाका,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नका, सगळे जिवंत आहेत. आईचं गुडघ्यांचं रडगाणं चालू आहे, म्हणजे ती ठणठणीत आहे.

बाबांना पुरलं त्या दिवशी चर्चच्या पायरीवर तुम्ही मला म्हणाला होतात, "क्लेटनची खाट आता कॅम्पात रिकामी राहणार." सहा महिने विचार केला. काका, ती खाट मला हवी आहे. बाबा, तुम्ही आणि तुमचा दोस्त एल्वुड, तिघांनी मिळून डोंगरात शिकारीसाठी ती लाकडी खोली बांधली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. दरवर्षी टर्कीच्या सणानंतरच्या सोमवारी हरणांचा हंगाम उघडायचा आणि बाबा तिकडे निघून जायचे. मी खिडकीत बसून त्यांच्या ट्रकचे दिवे बघायचे. भाऊ असता तर त्याला नेलं असतं. भाऊ नाही, मी आहे. एकतीस वर्षांची आहे, शाळेची बस चालवते आणि बावन्न पोरांना नुसत्या आरशातून बघून गप्प करते. एल्वुड काय पाच-सहा पोरांएवढाच असेल.

आता प्रश्न काडतुसाचा. बाबांची तीस-सहा रायफल माझ्या कपाटात उभी आहे. इथला दुकानदार म्हणतो, "बाई, ती तुमचा खांदा फोडेल. दोन-त्रेचाळीस घ्या. गोळी बारीक, दणका निम्म्याहून कमी, आणि हरीण तितकंच पडतं." मला बंदुकीतलं काय कळतं? पण बाबांची रायफल सोडून दुसरी घ्यायची म्हणजे जिवावर येतं. तुम्ही घरी काडतुसं भरता, तुमच्याएवढं कोणाला कळतं? तुम्ही सांगाल ते करीन.

तुमची,
डोरीन


हेमलॉक फोर्क, १५ सप्टेंबर १९८६

पोरी,

खाट तुझी. संपला विषय. एल्वुड कुरकुरला, म्हणाला, "बाई आली की रोज अंघोळ करावी लागेल." मी म्हटलं, बरंच होईल, निदान हरणांना तुझा वास तरी लागणार नाही.

पण हे दोन-त्रेचाळीस डोक्यातून काढून टाक. अगं, ते काय काडतूस आहे? बागेतली घूस मारायला ठीक. त्या दुकानदाराला सांग, तुझं दुकान तुझ्यापाशी. तीस-सहाची गोळी जवळजवळ दुप्पट वजनाची असते. हरीण जरा तिरपं उभं असलं, आपला नेम चार बोटं हुकला, तरी जड गोळी सांभाळून घेते. बारीक गोळी कोणाला माफ करत नाही. तुझ्या बापाने चोवीस नर पाडले, सगळे त्या एका रायफलने, आणि कधी तोंडातून हूं का चूं काढलं नाही.

आणि दणक्याचं काय घेऊन बसलीस? मी सदतीस वर्षं तीस-सहा चालवतोय, पूर्ण दारू भरलेली. बासष्टावं सरलं माझं. गळून पडला का खांदा? रायफल खांद्यात घट्ट रुतवायची, श्वास सोडायचा आणि घोडा दाबायचा. दणका भित्र्याला लागतो.

तुझ्यासाठी वीस काडतुसं भरून पाठवतोय, क्लेटन भरायचा तशीच. कणभरही दारू कमी नाही. डब्यावर मर्नाने तुझं नाव लिहिलंय. तुझ्या काकूला वाटतं, दोघांनाही वेड लागलंय.

वेंडेलकाका


एरी, १९ ऑक्टोबर १९८६

वेंडेलकाका,

डबा मिळाला. काकूंच्या अक्षरात माझं नाव आणि आत पितळेची वीस काडतुसं. मी ती टेबलावर रांगेत उभी करून बघत बसले. बाबा असेच उभे करायचे.

शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर गेले. ऐंशी पावलांवर कागदी ताटली लावली. पाच गोळ्या, पाचही ताटलीत. शेजारच्या बाकावरचा माणूस टोपी काढून म्हणाला, "बाई, कोणी शिकवलं?" मी म्हटलं, खानदानी आहे.

दणका आहे खरा, नाही म्हणत नाही. सोमवारी बसचं दार ओढताना डोळ्यांपुढे तारे चमकले. पण मी भित्री नाही. एवढंच विचारते, हसू नका. तुम्हाला कधीच लागत नाही का? इतक्या वर्षांत एकदाही डोळे मिटले नाहीत?

बाबांचा लाल-काळ्या चौकड्यांचा शर्ट घालून येणार आहे. बाह्या दुमडून बसतो. बाकी वरून सगळ्यांना लांबून दिसायला नारिंगी जाकीट आलंच.

डोरीन


हेमलॉक फोर्क, २ नोव्हेंबर १९८६

पोरी,

पाचात पाच! हे पत्र मी दुकानात खिशातून काढून सगळ्यांना वाचून दाखवलं. एल्वुडचं तोंड बघायला हवं होतंस.

मला? नाही. मला काही लागत नाही. सवय झाली.

आता कॅम्पाचे नियम ऐक. रविवारी अंधार पडायच्या आत पोचायचं. ज्याने ताट चाटून ठेवलं त्यानेही ते धुवायचं. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं टोक संध्याकाळी जेवणाआधी कापायचं, त्यावर नाव आणि तारीख घालून भिंतीवर ठोकायचं. माझी चार आहेत तिथे, एल्वुडची अकरा, इतर गड्यांची मिळून नऊ. तुझ्या बापाचं एकच आहे, तेही एका खारीने घात केला म्हणून.

आणि शेवटचा नियम तुझ्या बापाचा. दाराशेजारच्या फळीवर त्याने तापल्या सळईने कोरलाय. जखमी जनावर डोंगरात टाकून जो जेवायला बसला, त्याने पुढच्या हंगामात रायफल आणायची नाही. सगळ्यांसाठी रांधायचं आणि सगळ्यांची भांडी घासायची. आजवर ती पाळी कोणावर आलेली नाही. नेम चुकणं हसण्यावारी जातं, हे जात नाही.

बाकी बिनधास्त ये. माझं नाक कापू नकोस म्हणजे झालं. एल्वुडपुढे फार मोठं बोलून बसलोय मी.

वेंडेलकाका


एरी, ९ डिसेंबर १९८६

वेंडेलकाका,

घरी पोचून आठवडा झाला, पण अजून तोंड वर करून आरशात बघवत नाही.

सगळं डोळ्यांपुढे जसंच्या तसं आहे. सकाळचे पावणेआठ. बाबांचा तो ओक झाडाचा बुंधा, खाली झरा, पानांवर ओल. नर आला तो असा, जणू मी तिथे नाहीच. आठ टोकांची शिंगं. ऐंशी पावलंसुद्धा नसतील. मी रायफल खांद्यात रुतवली, श्वास सोडला, सगळं तुम्ही सांगितलंत तसं केलं. आणि चुकले! तो उडी मारून खाली लॉरेलच्या झुडपात शिरला आणि मी तोंड उघडं टाकून उभी.

तुम्ही वरच्या जागेवरून आलात. म्हणालात, "तू बुंध्यापाशीच थांब, हाताने दाखव तो कुठे होता, मी बघतो." तुम्ही वाकून बघत होतात तेव्हा मी देवाकडे काय काय मागितलं. एल्वुड धापा टाकत चढून आला तेवढ्यात तुम्ही हात उडवून ओरडलात, "साफ चुकली! केस नाही, रक्त नाही, काही नाही!" एल्वुड इतका हसला की त्याला खोकला आला.

संध्याकाळी बीन्सचं पातेलं चुलीवर, सगळे भोवती, आणि तुम्ही कात्री घेऊन उभे. मीही हसले. काय करणार? पण काका, तो शर्ट बाबांचा होता. त्यांचं एकच टोक होतं भिंतीवर, आता माझ्यामुळे दुसरं लागलं. कात्री चालवताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मला वाटलं, तुम्हालाही तेच आठवलं असेल.

पुढच्या वर्षी भरून काढीन. तुमचं नाक कापलं, माफ करा.

डोरीन


हेमलॉक फोर्क, १९ डिसेंबर १९८६

पोरी,

माफी कसली मागतेस? वेडी की काय! चुकतं माणसाचं. नाताळासाठी मर्नाने हरणाच्या मांसाचं सॉसेज पाठवलंय, एल्वुडने मारलेल्या नराचं. खाऊन घे, राग मानू नकोस.

मी विचार करत होतो. तू ते दोन-त्रेचाळीस घेऊन टाक. दुकानदार अगदीच मूर्ख नसेल. हलकी रायफल, हलका दणका. वाटल्यास मी काडतुसं भरून देईन. क्लेटनची रायफल कपाटात राहू दे, ती काही रुसणार नाही.

इकडे पाऊस आणि चिखल. माझा गुडघा धरलाय. फार लिहीत नाही.

वेंडेलकाका


एरी, ११ जानेवारी १९८७

वेंडेलकाका,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. सॉसेज अजून उघडलेलं नाही.

सप्टेंबरात दोन-त्रेचाळीस म्हणजे घूस मारायचं काडतूस होतं. आता अचानक ते माझ्यासाठी बरं झालं? मी एक नेम चुकले आणि तुमच्या लेखी क्लेटनची मुलगी संपली, तिच्या जागी एक बाई उरली, हो ना? तोंडावर चिडला असतात तर चाललं असतं. एल्वुड हसला, त्याचं मला काही वाटलं नाही. पण तुम्ही समजूत काढताय ना, ते झोंबतं. तुम्ही कोणाची समजूत काढणारे नाही. ज्याच्याकडून काही अपेक्षा उरलेली नाही त्याच्याशी तुम्ही असं गोड बोलता, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

तुम्हाला माझी लाज वाटते. वाटणारच. मलाही वाटते.

म्हणून ठरवलंय. बाबांची खाट एल्वुडच्या जावयाला द्या, त्याला कधीची हवी होती. रायफल मी मार्चमध्ये विकून टाकते. कपाट उघडलं की ती माझ्याकडे बघते, मला ते सहन होत नाही.

काकूंना नमस्कार सांगा.

डोरीन


हेमलॉक फोर्क, २४ जानेवारी १९८७

डोरीन,

रायफल विकू नकोस. मी हात जोडतो.

मला तुझी लाज वाटत नाही. असं पुन्हा लिहू नकोस. बाकीचं मी नंतर लिहीन. आता लिहवत नाही.

वेंडेलकाका


हेमलॉक फोर्क, २६ एप्रिल १९८७

डोरीन,

चार वेळा हे पत्र लिहायला घेतलं आणि चारही वेळा चुलीत घातलं. आज मर्ना समोर बसलीय. म्हणाली, "पाकीट बंद होईपर्यंत मी उठणार नाही."

तू चुकली नव्हतीस.

त्या दिवशी तू बोट दाखवलंस त्या जागी मी वाकलो तर पानांवर चिमूटभर केस होते, पोटाकडचे, पांढरे. आणि पुढे दोन पावलांवर ओलं, हिरवट. तुला हे कोणी शिकवलं नसेल म्हणून सांगतो. गोळी पोटात लागली होती. असं जनावर जगत नाही आणि लगेच मरतही नाही. चार तास थांबायचं, मग हळूहळू मागावर जायचं, सापडेपर्यंत. तुझ्या बापाने एकदा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत असा माग काढला होता.

मी ते बघितलं. वर मान केली तर एल्वुड चढून येत होता. कॅम्पातली पहिली बाई, माझी पुतणी, आणि पहिल्याच दिवशी पोट फाडलेलं हरीण. एल्वुड काय म्हणेल ते मला ऐकू यायला लागलं. खाली लॉरेलचं दाट रान, वर पाऊस भरून आलेला, गुडघा ठणकत होता. डोरीन, मी बुटाने पानं ओढली आणि ते केस झाकले. मग ओरडलो, साफ चुकली.

आणि संध्याकाळी, क्लेटनच्या फळीसमोर उभं राहून, क्लेटनच्या शर्टाला कात्री लावली. जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

परवा रानात गेलो होतो, गळलेली शिंगं शोधायला, असं मर्नाला सांगून. खोटं. मी त्यालाच शोधायला गेलो होतो. सापडला. हाडं आणि आठ टोकांची शिंगं. तुझ्या बुंध्यापासून मी पावलं मोजत आलो. तीनशे दहा. तेवढीच. एखादी म्हातारीसुद्धा काठी टेकत गेली असती. त्या रात्री तो तिथे पडून होता आणि मी बीन्स खात होतो.

अजून संपलं नाही. आता सांगतो ते मर्नालासुद्धा आजच कळतंय.

सहा वर्षांपूर्वी माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर पहिल्यांदा तीस-सहा चालवली आणि डोळ्यांतून पाणी आलं. मग मी घाबरायला लागलो. घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटायचे, नळी हलायची. दोन नर गेले त्यात. कॅम्पात सांगायची लाज. म्हणून तळघरात माझ्यापुरती वेगळी काडतुसं भरायला लागलो. गोळी हलकी, दारू कितीतरी कमी. बाहेरून तीस-सहा, आतून तुझ्या दुकानदाराच्या दोन-त्रेचाळीसएवढीच. तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, कोणी हात लावत नाही. सहा वर्षं सगळ्यांना वाटतंय, म्हातारा अजून पूर्ण दारू पेलतो.

तू विचारलंस, तुम्ही कधी डोळे मिटले नाहीत का? तेव्हा तो डबा माझ्या कोपराजवळ होता. मी लिहिलं, सवय झाली. मला जो दणका सोसत नाही तो मी तुला टपालाने पाठवला, तुझं नाव घालून.

तुझ्या गोळीने त्याचं पोट फाटलं ते माझ्या काडतुसामुळे. तू चुकलीस असं सांगून मी तुझा माग चोरला. आणि पाच महिने तू स्वतःची लाज बाळगून बसलीस, ती माझी होती.

खाट तुझीच आहे. माझं काय करायचं ते तू ठरव.

वेंडेल


एरी, २० सप्टेंबर १९८७

वेंडेलकाका,

उत्तराला पाच महिने लागले. काकूंचे दोन फोन आले, मी आईला सांगितलं, म्हणावं मी बसवर आहे. रविवारीसुद्धा.

आधी राग काढून टाकते. हरणाचा नाही. त्या उतारावर तुम्ही मला बुंध्यापाशी उभी केलीत आणि माझ्या वतीने ठरवून टाकलंत की हिला सोसणार नाही. अहो, मी गेले असते! पावसात, चिखलात, अंधार पडेपर्यंत, गुडघ्यांवर रांगत गेले असते. बाबांची मुलगी म्हणून मला तेवढंच तर करून दाखवायचं होतं. तीनशे दहा पावलं! हिवाळाभर रोज सकाळी मी बसची काच खरवडताना मनात म्हणायचे, तू चुकलीस, तू बापाचा शर्ट कापवलास. आणि तुम्हाला माहीत होतं. मे महिन्यात तुमचं पत्र मी कचऱ्यात टाकलं होतं. आईने काढून, पुसून, माझ्या उशीवर ठेवलं.

आता माझं ऐका. तुम्ही एकटेच खोटे नाही.

पाच गोळ्या, पाचही ताटलीत, असं मी लिहिलं होतं. मी तीनच झाडल्या. पहिली ताटलीत लागली. दुसरी कुठे गेली देव जाणे. तिसरीच्या वेळी मी आधीच डोळे मिटले होते. मग हातच वर जाईना. टोपी काढणारा माणूस मी मनाने रचला. खांद्यापासून कोपरापर्यंत हिरवंनिळं झालं होतं, दोन आठवडे मी बसमध्ये पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून उकडत बसायचे. तुम्ही पत्र दुकानात वाचून दाखवलंत असं कळलं तेव्हा तर खरं सांगायची सोयच राहिली नाही.

आणि त्या सकाळीही मी डोळे मिटले. नेम खांद्यामागे धरला होता, तो दिसेनासा झाला तो माझ्याच पापण्यांमुळे.

सगळ्यात वाईट आता सांगते. मला ऐकू आलं होतं. गोळीच्या आवाजामागून लगेच, थप्प. भरल्या पोत्यावर हात मारावा तसा. तो आवाज कशाचा ते बाबांनी मला लहानपणी सांगितलं होतं, पण मी उच्चारलं नाही. तुम्ही वाकून बघत होतात तेव्हा मी देवाकडे काय मागत होते ठाऊक आहे? यांना काही सापडू देऊ नकोस. आणि तुम्ही ओरडलात, साफ चुकली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी हसले ते उगीच नाही, मला खरंच सुटल्यासारखं वाटलं होतं. बीन्स मीही दोनदा घेतले, काका.

तर मी हे ठरवलंय. माझं शर्टाचं टोक भिंतीवरून काढू नका. मी धरलेला नेम चुकलाच होता, ते माझं आहे. ती लाज तरी माझ्याकडे राहू द्या. तुमचं टोक मात्र माझ्या शेजारी लागलं पाहिजे, आणि का लागलं ते सगळ्यांना सांगून. एल्वुडला आधी. तंबाखूच्या डब्यासकट.

आणि बाबांची फळी दोघांनाही लागू आहे. या हंगामात मी रायफल न घेता येईन, रांधीन. दोन-त्रेचाळीस मी घेतलीय, ऑगस्टमध्ये. सहा शनिवार मैदानावर गेले, या वेळी खरंच. डोळे उघडे राहतात. पण ती या वर्षी कपाटात बाबांच्या तीस-सहाशेजारी उभी राहील आणि पुढच्या वर्षी येईल.

हे कबूल असेल तर कळवा. नसेल तर खाट खरोखरच जावयाला द्या.

डोरीन


हेमलॉक फोर्क, १ नोव्हेंबर १९८७

पोरी,

कबूल.

काल आम्ही सगळे कॅम्पात लाकडं फोडायला जमलो होतो. दुपारी जेवणं झाल्यावर मी उभा राहिलो. बोलायचं पाठ करून गेलो होतो, ते सगळं विसरलो. शेवटी तुझं पत्र वाचून दाखवलं आणि माझ्या पत्रातलं आठवेल तसं सगळं सांगितलं. तुझं वाचायची परवानगी घेतली नव्हती, त्याबद्दल काय ती शिक्षा कर. मग तंबाखूचा डबा उघडून टेबलावर ओतला. मग शर्ट पँटीतून बाहेर काढला आणि कात्री एल्वुडच्या हातात दिली.

त्या भिंतीवर सव्वीस टोकं आहेत आणि प्रत्येक वेळी छप्पर उडेल एवढं हसणं झालंय. काल कोणी हसलं नाही. एल्वुडने कापलं, ठोकलं आणि नाव लिहायला पेन माझ्याकडे दिलं. मी नाव लिहिलं, तारीख गेल्या वर्षीची घातली. अक्षर वाईट आलं आहे, पण वाचता येतं. तुझ्याला लागूनच आहे.

मग एल्वुड म्हणाला, "म्हणजे यंदा पॅनकेक दोघं करणार. मला जळके चालत नाहीत." एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी ते ऐकून बरं वाटलं.

पुढचं तुलाच सांगतो, तू कुठे बोलू नकोस. निघताना एल्वुडने मला लाकडांच्या ढिगामागे गाठलं. इकडेतिकडे बघितलं आणि खाली मान घालून विचारलं, "ती हलकी, त्यात दारू किती घालतोस रे? वीस भरून देशील?" त्याचाही खांदा तीन वर्षं दुखतोय. सांगायचं कोणाला, म्हणाला.

तू रविवारी अंधार पडायच्या आत ये. क्लेटनच्या खाटेवर मर्नाने नवं ब्लँकेट घातलंय. माझी रायफल मी तिच्या कपाटात ठेवून किल्ली तिला दिलीय.

सोमवारी पहाटे सगळ्यांना खाऊ घालून रवाना करू. भांडी घासू. मग आपण दोघं हात हलवत तुझ्या बुंध्यापाशी जाऊ, नारिंगी जाकिटं घालून. या वेळी मी बुंध्यापाशी थांबेन आणि पुढे तू जाशील. हाडं मी हलवलेली नाहीत. शिंगंसुद्धा आणली नाहीत. कुठल्या बाजूला आहेत तेही सांगणार नाही. एवढ्या दिवसांनी माग काही उरलेला नाही, पण त्या दिवशी जे चालायचं होतं ते आपलं चालायचं राहिलंय. तू हाक मारलीस की मी येईन.

लॉरेलमध्ये काटक्या फार आहेत. जाड बूट घाल.

वेंडेलकाका